मकरपुऱ्यातलं स्ट्रट्स १ चं सॉफ्टवेअर: स्प्रिंग बूट, क्वार्कस की जेएसएफ?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडोदऱ्यात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, पाच जणांची. मकरपुरा जीआयडीसी आणि नंदेसरीतल्या कारखान्यांना स्टोअर, गेटपास, वजनकाटा, डिस्पॅच चलन आणि बिलिंग असं एकच पॅकेज देतो. ते २००७ साली स्ट्रट्स १.३ या जावाच्या जुन्या वेब फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) उभं राहिलं. पानांसाठी जेएसपी आणि टाइल्स, डेटाबेससाठी हायबरनेट ३, सर्व्हर टॉमकॅट ७, जावा ८. साडेतीनशेच्या आसपास विनंत्या हाताळणारे क्लास, म्हणजे अ‍ॅक्शन आहेत.

सॉफ्टवेअर चालतंय. काट्यावर ट्रक उभा राहतो, वजन येतं, चलन छापलं जातं, गेट उघडतं. पण एका गिऱ्हाइकाच्या आयटी ऑडिटमध्ये लिहून आलंय की स्ट्रट्स १ आणि टॉमकॅट ७ दोन्हींचा सपोर्ट संपलेला आहे, पुढच्या करारापूर्वी बदला. आज एकाने सांगितलं, उद्या बाकीचेही सांगणार.

बदलून कुठल्या फ्रेमवर्कवर जायचं यावर ऑफिसात तीन तट पडलेत. दोघांचं म्हणणं स्प्रिंग बूट, कारण माणसं मिळतात. एकाला क्वार्कस हवंय. आमच्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याचं मत जेएसएफ आणि त्यावरची तयार तक्ते-फॉर्मांची लायब्ररी प्राइमफेसेस, कारण आमचे बहुतेक पडदे म्हणजे तक्ते आणि फॉर्म. मी अजून कुणाच्याच बाजूला नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. निवड कशाच्या जोरावर करायची, आणि कारखाने बंद न पाडता हे स्थलांतर कसं करायचं. सगळं नव्याने लिहून एका रात्रीत बदलणं आम्हाला परवडणार नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, रात्री दोनलाही ट्रक येतो.

लष्कर_ग्वाल्हेर

माझं सरळ मत, हात लावू नका. टॉमकॅट ७ वरून ९ वर न्या, पुढे एनजिनएक्स (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे वळवणारा) बसवा, सॉफ्टवेअर कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतं ठेवा. आमच्याकडे ग्वाल्हेरला एका सहकारी संस्थेचं स्ट्रट्स १ असंच चालू आहे. चालत्या गाडीला खीळ कशाला?

सयाजीबाग

@लष्कर_ग्वाल्हेर, दादा, टॉमकॅट ९ चा सल्ला पटला. तो अजून सांभाळला जातोय, जावा ८ वर चालतो आणि पॅकेजांची जुनी ‘जावाएक्स’ नावं तशीच घेतो. अर्धं ऑडिट तिथेच शांत होईल. पण स्ट्रट्स तसाच ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

स्ट्रट्स १ चा सपोर्ट अपाचेने एप्रिल २०१३ मध्ये थांबवला. पुढच्याच वर्षी सीव्हीई-२०१४-०११४ (सुरक्षेतल्या त्रुटीची जाहीर नोंद) आली. फॉर्ममध्ये ‘क्लास’ नावाचं पॅरामीटर घुसवून क्लासलोडरपर्यंत (जावात क्लास लोड करणाऱ्या भागापर्यंत) पोचता येत होतं, कारण अ‍ॅक्शनफॉर्म आलेलं प्रत्येक नाव डोळे झाकून बीनमध्ये (मूल्यं ठेवणाऱ्या जावा ऑब्जेक्टमध्ये) भरतो. त्यासाठी स्ट्रट्स १ ची नवी आवृत्ती निघाली नाही. ज्याने त्याने स्वतः फिल्टर लावायचा, किंवा बीनयुटिल्स ही लायब्ररी बदलून निभवायचं.

सपोर्ट चालू असलेल्या वस्तूचंसुद्धा काय होतं बघा. स्ट्रट्स २ मधल्या सीव्हीई-२०१७-५६३८ ची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीने ती वेळेत लावली नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. तिथे निदान दुरुस्ती उपलब्ध होती. स्ट्रट्स १ मध्ये उद्या काही सापडलं तर लावायला काहीच नसेल. आतलं नेटवर्क म्हणाल, तर ट्रान्सपोर्टरचा लॅपटॉप गेटच्या वायफायला लागतोच.

नवशिका_बडोदा

मी एमएस युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. एक विचारू? स्ट्रट्स १ वरून स्ट्रट्स २ का नाही? नाव तर तेच आहे.

जुनाजावा

@नवशिका_बडोदा, बाळा, नाव तेच, घर वेगळं. स्ट्रट्स १ क्रेग मॅकक्लॅनहन यांनी २००० साली सुरू केला. स्ट्रट्स २ हा मुळात वेबवर्क नावाचा दुसराच फ्रेमवर्क, जो नंतर त्या नावाखाली आला. १ वरून २ वर जायचे कष्ट स्प्रिंगवर जाण्याइतकेच आहेत. स्ट्रट्स ७ आता जकार्तावर आलाय, म्हणजे तो जिवंत आहे. पण एवढे कष्ट करायचेच तर जिथे पुढची दहा वर्षं माणसं मिळतील तिथे करावेत.

@दांडियाबाजारकर, तुमच्या सहकाऱ्यांचा जेएसएफचा आग्रह मला समजतो. प्राइमफेसेसचा डेटाटेबल आजही उत्तम आहे. पण स्ट्रट्स हा विनंतीवर चालणारा फ्रेमवर्क: यूआरएल आली, अ‍ॅक्शन चालली, जेएसपी दिसली. जेएसएफ पडद्याची अख्खी अवस्था सर्व्हरवर सांभाळतो. तुमचा एकही पडदा तिकडे जसाच्या तसा जाणार नाही, प्रत्येकाची नव्याने मांडणी करावी लागेल. शिवाय गेटवरचा माणूस जेवायला जाऊन आला की सेशन (सर्व्हरने त्याच्या लॉगिनपुरती ठेवलेली माहिती) संपलेलं आणि व्ह्यू एक्स्पायर्डची चूक समोर. ते हाताळता येतं, पण शिकावं लागतं. स्प्रिंग एमव्हीसीमध्ये स्ट्रट्सची अ‍ॅक्शन जवळजवळ ओळीला ओळ कंट्रोलर होते. साडेतीनशे वेळा जे करायचं आहे त्यात हा फरक फार मोठा.

क्वार्कसबद्दल कुणीतरी जाणकाराने लिहावं. मी वापरलेला नाही.

मांडवीची_ताई

क्वार्कस मी वापरते, मनापासून आवडतो. रेड हॅटने २०१९ मध्ये आणला. कोड बदलला की पान रिफ्रेश करा, बदल समोर. ग्रालव्हीएमने नेटिव्ह (थेट मशीनवर चालणारा) बनवला तर क्षणात सुरू होतो आणि मेमरी थोडी लागते. जिथे सर्व्हिस दिवसातून पुष्कळदा चालू-बंद होतात, क्लाउडचं बिल मेमरीवर येतं, तिथे मी दुसरं काही सुचवणारच नाही.

पण दांडियाबाजारकर, तुमचा सर्व्हर कारखान्याच्या केबिनमध्ये एकदा चालू झाला की महिनोन् महिने बंद होत नाही. सुरू व्हायला दोन सेकंद लागले काय आणि वीस लागले काय, गेटवाल्याला फरक पडत नाही. क्वार्कसचा जो सगळ्यात मोठा फायदा आहे तोच तुमच्या उपयोगाचा नाही. मी तुमच्या जागी असते तर स्प्रिंग बूट घेतला असता. वडोदऱ्यात स्प्रिंग येणारा मुलगा शोधायला त्रास पडत नाही. क्वार्कसवाला मला आजवर शिकवूनच तयार करावा लागलाय.

छप्पनदुकान (इंदूर)

ताईंशी सहमत. फक्त एक जोडतो. ‘स्प्रिंग की क्वार्कस’ यापेक्षा तुमच्यासाठी मोठा प्रश्न वेगळा आहे: जावाएक्सची हद्द कुठे आणि कधी ओलांडायची?

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. ओरॅकलने जावा ईई (जावाची वेब आणि एंटरप्राइझ मानकं) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण ‘जावाएक्स’ या नावावरचा हक्क सोडला नाही. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं आणि जावाएक्स.सर्व्हलेटचं जकार्ता.सर्व्हलेट झालं. टॉमकॅट ९ पर्यंत जुनं नाव, १० पासून नवं. स्प्रिंग ५.३ पर्यंत जुनं, स्प्रिंग ६ आणि बूट ३ (नोव्हेंबर २०२२) पासून नवं, आणि जावा १७ सक्तीचा. बूट ४ लाही किमान १७ च लागतो. एकाच वॉरमध्ये (टॉमकॅटवर टाकायच्या जावा वेब-पॅकेजमध्ये) जुन्या नावाचा स्ट्रट्स आणि नव्या नावाचा स्प्रिंग ६ सुखाने नांदत नाहीत. तुमचा सगळा आराखडा या एका रेषेवरून ठरणार आहे.

आम्ही एका गिऱ्हाइकाचं बूट २ वरून ३ वर नेलं. त्यात जे जे अडलं ते सांगतो, तुम्हाला पुढे लागेल.

सगळीकडे शोधा-बदला करू नका. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.क्रिप्टो ही जावाच्या स्वतःच्या पोटातली आहेत, ती तशीच राहतात. आमच्या एका मुलाने सरसकट बदललं आणि अर्धा प्रोजेक्ट लाल झाला. ओपनरीराइट या आपोआप कोड बदलणाऱ्या साधनाची रेसिपी हे काम नीट करते.

शेवटच्या तिरप्या रेघेचं प्रकरण. स्प्रिंग ५ पर्यंत ‘/चलन’ आणि ‘/चलन/’ दोन्ही चालायचं. ६ मध्ये डीफॉल्ट बदलला आणि दुसरं ४०४ देतं. ब्राउझरमधली पानं सगळी बरोबर चालली, पण गोदामातल्या बारकोड स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये पत्त्याच्या शेवटी रेघ होती. स्कॅनर हातात घेऊन बघेपर्यंत कुणाच्या लक्षात येईना.

हायबरनेट ६ मध्ये सिक्वेन्सचं (डेटाबेसात नवे क्रमांक देणाऱ्या यंत्रणेचं) नाव ठरवायची पद्धत बदलली. पूर्वी सगळ्यांसाठी एकच हायबरनेट_सिक्वेन्स असायचा, आता प्रत्येक एंटिटीचा (टेबलशी जोडलेल्या क्लासचा) वेगळा मागतो. नाव स्पष्ट लिहून टाका, नाहीतर जुन्या डेटाबेसवर पहिल्याच इन्सर्टला अडेल.

आणि स्प्रिंग सिक्युरिटीत वेबसिक्युरिटी-कॉन्फिगरर-अडॅप्टर ६ पासून नाहीच. नेटवरचे निम्मे धडे अजून तेच शिकवतात, नवशिक्यांनी जपून.

दांडियाबाजारकर

वा, हेच हवं होतं. छप्पनदुकान, धन्यवाद भाऊ. म्हणजे दोन रस्ते दिसतात:

एक, त्याच वॉरमध्ये स्प्रिंग ५.३ घालायचा. ‘.डू’वाल्या पत्त्यांना स्ट्रट्स, बाकीच्यांना स्प्रिंग. सेशन एकच, लॉगिन एकच. स्ट्रट्स संपला की मग जकार्तावर उडी.

दोन, बूटचं वेगळं अ‍ॅप्लिकेशन, एनजिनएक्स मागे दोन्ही, एकेक काम नव्याकडे वळवायचं.

कुठला?

जुनाजावा

पहिला. एका वेळी एकच हद्द ओलांडावी. आधी स्ट्रट्समधून बाहेर या, जावाएक्समध्येच राहून. मग जावाएक्समधून बाहेर या. दोन्ही एकदम केलं तर काही मोडल्यावर ते कशामुळे मोडलं हेच कळत नाही. सेशन एकच असण्याचं सुख काय असतं ते ज्याने दोन सेशन जुळवलेत त्यालाच विचारा.

छप्पनदुकान (इंदूर)

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने बोलतो. स्प्रिंग ५.३ चा मोफत सपोर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये संपला. ऑडिटवाले सपोर्ट संपलाय म्हणून मागे लागलेत, आणि आपण नवा कोड सपोर्ट संपलेल्याच वस्तूवर लिहायचा? साडेतीनशे अ‍ॅक्शन काही महिन्याभरात होणार नाहीत. तोवर तीच नोंद ऑडिटमध्ये दुसऱ्या नावाने पुन्हा येईल.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ साली या पद्धतीला स्ट्रँगलर नाव दिलं, वडाच्या जातीच्या त्या झाडावरून जे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, मुळं खाली सोडतं आणि हळूहळू जुन्या झाडाची जागा घेतं. नवं झाड पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मुळांवर हवं. जुना वॉर टॉमकॅट ९ वर, नवं बूट अ‍ॅप जावा १७ किंवा २१ वर, दोन्ही वेगळ्या प्रोसेस. एकाचा जावा दुसऱ्याला शिवत नाही.

सेशनची अडचण खरी आहे. दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही अ‍ॅप एकाच पत्त्यावर मुळाशी बसले तर दोघंही जेसेशनआयडी नावाचीच कुकी लिहितात आणि एकमेकांची पुसतात. माणूस दर क्लिकला बाहेर फेकला जातो. नव्या अ‍ॅपच्या कुकीचं नाव बदला. आणि लॉगिन जुन्याकडेच राहू दे. त्याने सही केलेलं एक छोटं टोकन कुकीत ठेवायचं, नव्याने ते तपासायचं. अख्खं सेशन वाटून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

जुनाजावा

ऑडिटचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. मग दुसरा रस्ता घ्या. पण एक अट. पडदा पडदा करून हलवू नका, काम काम करून हलवा. डिस्पॅचचे पाच पडदे असतील तर पाचही एकदम. मधले दोन नवे आणि तीन जुने असं केलंत की सेशनमध्ये ठेवलेलं अर्धवट चलन इकडून तिकडे न्यायची वेळ येते.

आणि आता जे लिहितोय ते नीट वाचा, कारण स्ट्रट्स १ सोडताना सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

तुमच्या स्ट्रट्स-कॉन्फिगमध्ये अ‍ॅक्शनला ‘नेम’ दिलेलं असेल आणि ‘स्कोप’ लिहिलेला नसेल, तर तो फॉर्म सेशनमध्ये राहतो. डीफॉल्ट सेशन आहे, रिक्वेस्ट नाही. याचा परिणाम काय? समजा पहिल्या पडद्यावर गाडी नंबर भरला. दुसऱ्या पडद्यावर गाडी नंबरची जागाच नाही, फक्त वजन. तरी सेव्ह करताना दोन्ही हजर, कारण फॉर्म सेशनमध्ये जिवंत होता. कोडमध्ये कुठेही ‘गाडी नंबर पुढे न्या’ असं लिहिलेलं नाही. मूळ लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसेल. आता तेच स्प्रिंगमध्ये आणलं की फॉर्म दर विनंतीला नवा, आणि वजन आहे, गाडी नंबर रिकामा. कंपाइलर बोलत नाही, युनिट टेस्ट बोलत नाही. बोलतो तो गेटवरचा चौकीदार, चलनावर गाडी नंबर नाही म्हणून.

दुसरं, रिकामी जागा. स्ट्रट्स १ मध्ये फॉर्मात इंटिजर असेल आणि माणसाने काहीच लिहिलं नाही, तर डीफॉल्टने तिथे शून्य येतो. ‘कन्व्हर्टनल’ हे सेटिंग लावलं असेल तरच नल (मूल्यच नाही). स्प्रिंगमध्ये रिकाम्याचा नल होतो, आणि साधा इंट असेल तर बाइंडिंगची चूक. तुमच्या डेटाबेसात इतक्या वर्षांत जे शून्य साठलेत, त्यातले खरे शून्य किती आणि न भरलेले किती हे आता कुणी सांगू शकणार नाही. रिपोर्टांतली बेरीज शून्यावर अवलंबून आहे का, नलने ती मोडेल का, हे आधी तपासा. टेअर (रिकाम्या गाडीच्या) वजनाच्या खान्यात हे हमखास सापडेल.

तिसरं, चेकबॉक्स. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. म्हणून स्ट्रट्समध्ये रीसेट लिहावा लागायचा. स्प्रिंगचा फॉर्म टॅग लपलेलं एक फील्ड सोबत पाठवून हे सांभाळतो. पण तुम्ही घाईत साधा एचटीएमएल इनपुट ठेवलात तर ते संरक्षण गेलं.

मांडवीची_ताई

काकांची पोस्ट छापून भिंतीवर लावावी अशी आहे. मी चौथी गोष्ट जोडते, वडोदऱ्यात ती नक्की निघणार. गुजराती अक्षरं.

तुमच्या जुन्या जेएसपींवर पेज-एन्कोडिंग लिहिलंय का बघा. नसेल तर पान आयएसओ-८८५९-१ मध्ये जातं. गेटवरच्या माणसाने त्यात ड्रायव्हरचं नाव गुजरातीत लिहिलं की ब्राउझरला ते अक्षर त्या एन्कोडिंगमध्ये बसवता येत नाही, म्हणून तो प्रत्येक अक्षराचा आकडी कोड पाठवतो. गुजराती ‘स’ असेल तर डेटाबेसात जातं &#२७४४; असं, आकडे अर्थात इंग्रजी. एका अक्षराला सात जागा! पन्नासच्या कॉलममध्ये जेमतेम सात अक्षरं मावतात, काना-मात्रा धरून. ‘नावं अर्धवट का येतात’ ही जुनी तक्रार तुमच्याकडे असेल तर कारण बहुधा हेच.

जुन्या पानावर हे दिसायला बरोबर दिसतं, कारण कुणीतरी बीन-राइट या टॅगला फिल्टर फॉल्स लावलेलं असतं. स्प्रिंगसोबत वापरतात त्या नव्या थायमलीफ टेम्प्लेटमध्ये आपोआप एस्केप होतं (खास चिन्हं साध्या मजकुरासारखी दाखवली जातात), आणि ड्रायव्हरच्या नावाच्या जागी आकड्यांची रांग दिसते. मग कुणीतरी थायमलीफमध्येही एस्केप बंद करतो. ते करू नका! त्या वाटेने क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग (पानात घुसवलेली परकी स्क्रिप्ट) आत येतं. डेटाबेसातली आकडी कोडं एकदा स्क्रिप्टने खऱ्या अक्षरांत बदला, कॉलम आणि डेटाबेस यूटीएफ-८ करा, आणि मग पुढे चला.

हे रूपांतर चालू असताना जुने पडदेही जिवंत असतील, म्हणून जुन्या जेएसपींचं एन्कोडिंग त्याच दिवशी दुरुस्त करायचं. नाहीतर एका बाजूने साफ आणि दुसऱ्या बाजूने घाण. जुन्या अ‍ॅपमध्ये कॅरेक्टर एन्कोडिंगचा फिल्टर सगळ्यात पहिला हवा, दुसऱ्या कुठल्या फिल्टरने त्याआधी पॅरामीटर वाचला तर तो कुचकामी ठरतो.

लष्कर_ग्वाल्हेर

ताई, हे फार कामाचं. आमच्याकडे याहून अवघड आहे, जुना हिंदी मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो मुळात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट बदलला की कडबोळं. त्याला आधी युनिकोडमध्ये न्यावंच लागणार, आणि ते सॉर्टिंगपासून शोधापर्यंत सगळ्याला लागू.

धागा वाचून माझं मत बदललंय. आमच्या संस्थेपुढेही हा विषय काढतो.

नवशिका_बडोदा

जेएसपी ठेवायच्या की थायमलीफ? की सरळ ब्राउझरमध्ये चालणारं जावास्क्रिप्टचं रिअ‍ॅक्ट करून टाकायचं? आमच्या वर्गात सगळे रिअ‍ॅक्टच करतात.

सयाजीबाग

पाच माणसांत रिअ‍ॅक्ट म्हणजे दोन प्रोजेक्ट सांभाळणं. फॉर्म आणि तक्त्यांसाठी सर्व्हरवरची पानं पुरतात. जेएसपी बूटमध्ये चालतात, पण वॉर म्हणून पॅक करावं लागतं, नुसत्या जारमध्ये चालत नाहीत. टाइल्सची सोय तर स्प्रिंग ६ ने काढूनच टाकली. पानं हलवताना थायमलीफ करून घ्यावं असं माझं मत. रिअ‍ॅक्ट शिकत राहा, कुठे ना कुठे लागेलच.

आणखी एक, सीएसआरएफ, म्हणजे दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने पाठवलेल्या विनंत्या रोखणं. स्प्रिंग सिक्युरिटी डीफॉल्टने टोकन मागते. वजनकाट्याचा जो डेस्कटॉप प्रोग्राम सर्व्हरला वजन पोस्ट करतो तो ब्राउझर नाही, त्याच्याकडे टोकन नाही, त्याला ४०३ मिळेल. त्या एका पत्त्यासाठी वेगळी सुरक्षा साखळी लिहा, त्या प्रोग्रामला गुप्त किल्ली देऊन. सगळ्यांसाठीच सीएसआरएफ बंद करायचा मोह होतो, तो टाळा.

छप्पनदुकान (इंदूर)

साडेतीनशे अ‍ॅक्शन खरंच जिवंत आहेत का? एनजिनएक्सचा किंवा टॉमकॅटचा अ‍ॅक्सेस लॉग काढा आणि ‘.डू’ मोजा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा उत्पादन शुल्काची रजिस्टरं आणि गुजरात व्हॅटचे पडदे मेले. ते कोडमध्ये अजून असणार. मेलेले पडदे हलवायचे नसतात, फक्त जुना डेटा वाचता येईल एवढं ठेवायचं.

पण लॉग पूर्ण वर्षाचा घ्या. ३१ मार्चची साठामोजणी वर्षातून एकदाच उघडते. तीन महिन्यांचा लॉग बघून ती कुणी उडवली तर एप्रिलमध्ये फोन यायला लागतील.

दांडियाबाजारकर

मंडळी, दोन संध्याकाळी बसून ऑफिसात सगळ्यांनी हा धागा वाचला. जेएसएफवाले आमचे ज्येष्ठ सहकारीसुद्धा. त्यांनीच कॉन्फिग उघडून स्कोप नसलेल्या अ‍ॅक्शन दाखवायला सुरुवात केली, आणि डिस्पॅचच्या जवळजवळ सगळ्याच तशा निघाल्या. काका, तुमचं गाडी नंबरचं उदाहरण आमच्याच कोडमधून उचलल्यासारखं होतं.

ठरलंय ते असं. जुना वॉर टॉमकॅट ९ वर नेतोय, ते या महिन्यात. लगोलग एन्कोडिंगची दुरुस्ती आणि आकडी कोडांचं रूपांतर, ताई म्हणाल्या तसं दोन्ही एकाच दिवशी. नवं अ‍ॅप स्प्रिंग बूटवर, जावा २१, वेगळी प्रोसेस, पुढे एनजिनएक्स. लॉगिन जुन्याकडे, टोकन नव्याकडे.

पहिलं काम गेटपास. पडदे कमी आहेत आणि बाकी कुणाच्या सेशनवर ते अवलंबून नाही. मग स्टोअर, मग डिस्पॅच. बिलिंग शेवटी, कारण त्यात ई-वे बिलाची जोडणी आहे आणि २०१८ पासून तिच्यात इतके बदल झालेत की नियम अ‍ॅक्शनच्या पोटात विखुरलेले आहेत. तिथे आधी नियम साध्या जावा क्लासमध्ये काढू, जुनी अ‍ॅक्शनही तोच क्लास बोलावेल, आणि दोन-चार महिने तसंच चालवून मग पडदे हलवू. तो क्लास जावा ८ वरच कंपाइल करणार, म्हणजे दोन्ही अ‍ॅपना चालेल.

नवरात्रात काही बदलणार नाही. आमची मुलं सातला गरब्याला निघतात आणि कारखान्यांतही रात्रपाळी अर्धी असते, काही अडलं तर फोन उचलायला कुणी नाही. मार्चलाही हात लावणार नाही.

एक मदत हवी. साडेतीनशे अ‍ॅक्शनमधून सेशन स्कोपवाल्या कशा वेगळ्या काढायच्या? हाताने मोजताना सुटतात.

जुनाजावा

एक्सएमएल आहे, एक्सपाथने (एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेने) विचारा. ज्या अ‍ॅक्शनला नेम आहे आणि स्कोप नाही, अधिक ज्यांचा स्कोप सेशन लिहिलेला आहे, त्या सगळ्या. मॉड्यूल असतील तर कॉन्फिगच्या फायली एकापेक्षा जास्त असतील, वेब.एक्सएमएलमध्ये बघून सगळ्या घ्या. मग ती यादी फॉर्मच्या नावाने लावा. एकच फॉर्म दोन किंवा जास्त अ‍ॅक्शनमध्ये आला असेल तर तिथेच डेटा पडद्यावरून पडद्यावर गुपचूप जातोय. एकाच अ‍ॅक्शनपुरता फॉर्म असेल तर बहुधा निर्धोक, पण तोच पडदा पुन्हा उघडल्यावर जुनी मूल्यं दिसायची सवय लोकांना लागलेली असते. ती हवी की नको हे गेटवरच्या माणसाला विचारा, आपण ठरवू नका.

सयाजीबाग

आणि जुन्या अ‍ॅपमध्येच त्या अ‍ॅक्शनना एकेक करून स्कोप रिक्वेस्ट लावून बघा, टेस्ट सर्व्हरवर. जे मोडेल ते आत्ताच दिसेल, स्प्रिंगची एक ओळ लिहायच्या आधी. मोडलेल्या जागी लपलेलं फील्ड टाका किंवा चलनाचा मसुदा डेटाबेसात ठेवा. मग हलवताना त्या कामाला सेशनची गरजच उरत नाही.

दांडियाबाजारकर

हे उत्तम. उद्या गेटपासपासून सुरू करतो. जे मोडेल ते इथेच लिहीन.